डॉट इन आणि डॉट शॉप: गूगलला यातलं काय कळतं?

इंदुरात नमकीनवाला असो की घरून महेश्वरी साड्या विकणाऱ्या वहिनी, मार्केटिंगवाले सगळ्यांना एकच सांगतात: ‘वेबसाइटच्या पत्त्यात शेवटी डॉट शॉप घ्या, गूगलवर वर याल.’ हे साफ चूक आहे. छोट्या दुकानदाराचे पैसे यात जातात, म्हणून राग येतो.

डॉट इन ओळखीचंच आहे. दोन रोमन अक्षरांचं एक्सटेन्शन, म्हणजे पत्त्याचं शेवटचं शेपूट, नेहमी देशाचं किंवा प्रदेशाचं असतं. आपलं डॉट इन निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते. डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन ही नवी मंडळी. जगभरच्या या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 2012 मध्ये नव्या एक्सटेन्शनसाठी अर्ज मागवले तेव्हा 1,930 आले, प्रत्येकी फी 1,85,000 डॉलर. डॉट शॉपचा हक्क 2016 च्या लिलावात 4 कोटी 15 लाख डॉलरला गेला.

आता खरा घोळ. डॉट इन दिसलं की गूगल खरोखर एक अर्थ घेतं: ही साइट भारतातल्या लोकांसाठी आहे. मग लोकांना वाटतं, डॉट शॉप दिसलं की ‘हे दुकान आहे’ असंही ते समजत असणार. नाही समजत! नव्या एक्सटेन्शनमधल्या शब्दामुळे रँकिंगमध्ये ना फायदा ना तोटा, हे गूगलने 2015 मध्येच स्पष्ट केलं. डॉट लंडनमध्ये तर शहराचं नाव आहे, तरी गूगल ते डॉट कॉमसारखं सगळ्या जगाचंच धरतं. उलट डॉट को कोलंबियाचं आणि डॉट एआय अँग्विला या बेटाचं. पण जगभरचे लोक ती सर्रास वापरतात, म्हणून गूगल त्यांच्याकडे देशाची खूण म्हणून पाहत नाही. डॉट इनला ही सूट नाही.

त्यामुळे गिऱ्हाईक भारतातलं असेल तर मी डोळे मिटून डॉट इन सांगेन. शेव-चिवडा दुबई-अमेरिकेला पाठवायचा असेल तर डॉट कॉम. डॉट शॉप लक्षात राहणाऱ्या छोट्या नावासाठी जरूर घ्या, रँकिंगसाठी नको. शिवाय फोनवर पत्ता सांगितला की समोरचा सवयीने पुढे डॉट कॉम जोडतो, हा त्रास वेगळाच.

घेण्याआधी रिन्यूअलचा दर विचारा. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षी कितीतरी पट महाग होऊ शकतं. डॉट कॉमच्या घाऊक दरवाढीला करारात मर्यादा आहे. नव्या एक्सटेन्शनना ती नाही. रिन्यूअलचा दर वाढवायचा तर रजिस्ट्रीने (एक्सटेन्शन चालवणाऱ्या कंपनीने) रजिस्ट्रारना (आपल्याला नावं विकणाऱ्या कंपन्यांना) 180 दिवस आधी कळवलं की झालं.