पेठेतल्या वाचनालयाचे सभासद व्हायचे आहे? अर्ज, कागदपत्रे आणि अनामत

कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला तो पहिला. मद्रासचा कायदा १९४८ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. त्याच्याही कितीतरी आधी, १८५० साली, इथे ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ सुरू झाली. तेच आजचे करवीर नगर वाचन मंदिर. अशा गावात कागदपत्रांच्या धास्तीने कुणी वाचनालयाच्या दारातून परत फिरू नये, असे मनापासून वाटते.

नुसती वर्तमानपत्रे वाचायची असतील तर बहुतेक ठिकाणी सभासद व्हावे लागत नाही; सरळ आत जाऊन बसावे. पुस्तके घरी न्यायची असतील तर देवघेव विभागात अर्ज मागावा. सोबत आधार कार्ड, पत्त्यासाठी वीजबिल किंवा रेशन कार्ड आणि पासपोर्ट आकाराचे फोटो न्यावेत. काही वाचनालये जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही मागतात. शेजारीपाजारी विचारा, कुणीतरी निघतेच. मुलांच्या अर्जावर पालकांची सही लागते.

अडचण होते ती शिकायला आलेल्या, खोली करून राहणाऱ्या मुलामुलींची. आधारवर गावचा पत्ता, वीजबिल घरमालकाच्या नावाचे. अशा वेळी कॉलेजचे ओळखपत्र आणि भाडेकरार किंवा घरमालकाचे पत्र चालते का, हे ग्रंथपालांना आधीच विचारावे. अभ्यासिकेचा अर्ज आणि शुल्क बहुधा वेगळे असते. जागा मोजक्याच असतात, त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या हंगामाआधीच नाव नोंदवलेले बरे.

पैसे तीन प्रकारचे: प्रवेश फी, वर्गणी आणि अनामत. पहिले दोन परत मिळत नाहीत, अनामत मिळते. एकावेळी किती पुस्तके हवीत त्यावर वर्गणी ठरते. दर प्रत्येक वाचनालयाचे वेगळे असतात, फलकावर पाहावेत. दिवाळी अंकांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी वर्गणी असते.

पुस्तक घेताना पाने तिथेच चाळा. फाटलेले पान दिसले तर काउंटरवर दाखवून नोंद करून घ्या, नाहीतर भरपाई तुमच्यावर येते. परतीची तारीख शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर शिक्क्याने मारलेली असते.

आणि अनामतीची मूळ पावती जपा. ती पातळ असते, शाई उडते, म्हणून घरी येताच फोटो काढून ठेवा. सभासदत्व सोडताना सगळी पुस्तके जमा करून, थकलेली वर्गणी भरून, साध्या कागदावरच्या अर्जासोबत तीच पावती द्यावी लागते. हरवली असेल तर तसे अर्जात लिहा आणि पावती क्रमांक नोंदवहीतून काढून द्यायची विनंती करा.