हृदयावर पाव किलोचा पहारा

बाल्टिमोरच्या एका प्रयोगशाळेत 1970च्या दशकात एक छोटी फिल्म काढली गेली. कुत्रा उभा आहे. त्याच्या हृदयाची लय मुद्दाम बिघडवली जाते आणि तो कोसळतो. काही सेकंद काहीच घडत नाही. मग त्याचं अंग एकदम उसळतं, आणि थोड्या वेळात तो उठून शेपूट हलवू लागतो. त्याला बाहेरून कोणी हातसुद्धा लावलेला नाही, शॉक दिला तो त्याच्या शरीरात बसवलेल्या यंत्रानं. ही फिल्म पाहून कुणीतरी शंका काढली, की कुत्र्याला पडायला शिकवलेलं असणार! शेवटी चित्रासोबत ईसीजीची रेघही दाखवावी लागली. पडायला शिकवता येईल, पण हृदयाची रेघ विस्कटायला कोण शिकवणार?

हे यंत्र, म्हणजे शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर, मिशेल मिरोव्स्की आणि मॉर्टन मॉवर या दोघा हृदयरोगतज्ज्ञांच्या डोक्यातून निघालं. माणसाच्या शरीरात ते पहिल्यांदा बसवलं लीव्हाय वॉटकिन्स या 35 वर्षांच्या कृष्णवर्णीय सर्जननं, 4 फेब्रुवारी 1980 रोजी, जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये. वॉटकिन्सना कधीकधी या यंत्राचे जनकच म्हटलं जातं. ते खरं नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांनी जे केलं ते पुरेसं मोठं होतं.

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. हार्ट अटॅक आणि हृदय अचानक थांबणं यांत आपण नेहमी गल्लत करतो. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते आणि स्नायूचा एखादा भाग उपाशी राहतो. अचानक थांबणाऱ्या हृदयात मात्र बहुतेक वेळा विजेचा घोळ असतो. ढोल-ताशा पथकात प्रत्येक ढोलवाल्यानं ताशाकडे दुर्लक्ष करून आपापला ठेका धरला तर काय होईल? आवाज भरपूर, ताल शून्य. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे तंतू असेच वेगवेगळे थरथरू लागतात, त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदय हलत असतं, पण रक्त पुढे ढकलत नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, आणि उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. यावर उतारा एकच, जोरदार शॉक. सगळे ढोल एका क्षणात गप्प करायचे, म्हणजे ताशाचा ठेका पुन्हा ऐकू येतो.

शॉक देणारी यंत्रं हॉस्पिटलात होतीच, पण टेबलाएवढी. हे संकट मात्र घरी, रस्त्यात, झोपेत येतं. मिरोव्स्कींचे इस्रायलमधले वरिष्ठ डॉक्टर 1966 साली अशाच लयबिघाडानं गेले, तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला की हे यंत्र लहान करून रुग्णाच्या आतच ठेवायचं. मोठमोठ्या हृदयरोगतज्ज्ञांनी ही कल्पना जाहीरपणे निकालात काढली होती. एक गोष्ट मिरोव्स्कींच्या पथ्यावर पडली. छातीच्या कातडीवरून शॉक द्यायला दोनशे किंवा जास्त ज्यूल (ऊर्जेचं एकक) लागतात, पण इलेक्ट्रोड थेट हृदयाला भिडवले तर सुमारे 25 ज्यूलमध्ये भागतं.

आता यंत्राला कळायचं कसं, की शॉकची वेळ आली? इथली युक्ती मला फार आवडते. निरोगी ईसीजीत दोन ठोक्यांच्या मधला बराचसा वेळ रेघ सपाट असते. फिब्रिलेशनमध्ये ती सपाटीवर जेमतेम टेकते, सारखी वरखाली हिंदकळत राहते. म्हणून यंत्र ठोके मोजत बसत नव्हतं, रेघ सपाटीवर किती वेळ राहते तेवढंच ते पाहायचं.

वॉटकिन्स यांचा जन्म 1944 सालचा, कॅन्सस राज्यातला. ते वाढले मात्र अलाबामातल्या माँटगोमेरीत. डेक्स्टर अव्हेन्यूच्या चर्चमध्ये 1954 साली नवे तरुण धर्मोपदेशक आले, मार्टिन ल्यूथर किंग. वॉटकिन्स कुटुंब त्याच चर्चमध्ये जायचं. रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांनी 381 दिवस बसवर बहिष्कार घातला, तेव्हा लीव्हाय अकरा वर्षांचा होता. पुढे त्यानं किंग यांची गाडीही चालवली.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी घेऊन 1966 साली त्यांनी त्याच शहरातल्या व्हँडरबिल्ट मेडिकल स्कूलला अर्ज केला. प्रवेश मिळाल्याचं कळलं ते वर्तमानपत्राच्या मथळ्यातून, कारण त्या कॉलेजानं कृष्णवर्णीय विद्यार्थी घेणं हीच बातमी होती. ती चार वर्षं फार एकाकी होती. त्यांचं शिक्षण चालू असतानाच, एप्रिल 1968 मध्ये, त्याच राज्यातल्या मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली.

याच व्हँडरबिल्टमध्ये 1930 साली व्हिव्हियन थॉमस नावाचा एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला होता. काम संशोधकाचं, पण कागदोपत्री हुद्दा आणि पगार सफाई कामगाराचा. सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्याबरोबर तो 1941 साली हॉपकिन्सला आला. जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांची 1944 सालची प्रसिद्ध शस्त्रक्रिया त्यानं आधी कुत्र्यांवर घोटून बसवली होती. पहिल्या ऑपरेशनला ब्लेलॉक यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभा राहून तोच एकेक टाका सांगत होता. त्याला डॉक्टर होता आलं नाही. वॉटकिन्स 1970 साली पदवी घेऊन हॉपकिन्सला पोचले, तेव्हा थॉमस तिथेच होते. दोघांचं मेतकूट जमलं. एकाच वाटेनं आलेली दोन माणसं, मधे फक्त छत्तीस वर्षं.

मधली दोन वर्षं वॉटकिन्स हार्वर्डमध्ये होते. हृदय कमकुवत झालं की मूत्रपिंडं रेनिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ-पाणी साठतं आणि थकलेल्या हृदयावरचं ओझं आणखी वाढतं. या साखळीवर त्यांनी काम केलं. आपल्याकडच्या हृदयरुग्णांच्या डब्यात एनालाप्रिल, रामिप्रिल अशा 'प्रिल' शेपटीच्या ज्या गोळ्या असतात, त्या हीच साखळी तोडतात. परत आल्यावर 1978 साली ते हॉपकिन्सच्या हृदयशस्त्रक्रिया विभागाचे पहिले कृष्णवर्णीय चीफ रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ सर्जनांचे प्रमुख, झाले.

आणि मग तो फेब्रुवारी. रुग्ण होती कॅलिफोर्नियाची एक स्त्री. तिचं हृदय आधीही थांबलं होतं आणि औषधांना दाद देत नव्हतं. एक इलेक्ट्रोड मोठ्या नीलेत, दुसरा हृदयाच्या टोकाशी शिवलेला, तारा कातडीखालून खाली नेलेल्या आणि पाव किलोच्या आसपासचं यंत्र पोटात. हात सराईत असेल तर शिवणकाम जमून जातं. खरी कसोटी त्यानंतरची. यंत्र चालतं की नाही हे पाहायला दुसरा मार्गच नाही, रुग्णाचं हृदय मुद्दाम फिब्रिलेशनमध्ये ढकलायचं आणि हात मागे घेऊन थांबायचं. यंत्राला ओळख पटायला आणि भारित व्हायला पंधरा-वीस सेकंद लागत. सर्जनला गप्प उभं राहायचं शिक्षण कुणी देत नाही. ऑपरेशन यशस्वी झालं. पहिल्या तीन रुग्णांचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि 1985 साली अमेरिकी सरकारनं यंत्राला मान्यता दिली. आजची बहुतेक यंत्रं गळपट्टीच्या हाडाखाली बसतात आणि तारा शिरेतून आत जातात, छाती उघडावी लागत नाही.

त्याच सुमारास, 1979 साली, वॉटकिन्स मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीवर आले होते. त्यांनी देशभरातल्या हुशार कृष्णवर्णीय मुलामुलींना पत्रं लिहिली, फोन केले, कॅम्पसवर बोलावलं. पाच वर्षांत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. माझ्या मते हे काम शस्त्रक्रियेइतकंच अवघड होतं. पुढे ते प्राध्यापक आणि सहयोगी अधिष्ठाता झाले, आणि एप्रिल 2015 मध्ये वारले. हृदयविकारानंच.

किंग यांच्या स्मरणार्थ हॉपकिन्समध्ये दरवर्षी एक कार्यक्रम त्यांनी 1982 साली सुरू केला. वक्त्यांना ते स्वतः गळ घालून आणत. अशाच एका वर्षी पाहुण्या म्हणून आल्या रोझा पार्क्स.