धो धो पावसातला दुष्काळ: बेटांवरचा आणि कोकणातला

समुद्राच्या मधोमध गोडं पाणी मिळतं, याचं किनारपट्टीला नवल नाही. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ ची. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी तिथे आजही आहेत. लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटांवर मुरलेलं पावसाचं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर ते मीटरभर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं. उपसा वाढला किंवा पाऊस लांबला की विहीर मचूळ.

हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांना ही बेटं फार काळ दिसलीच नाहीत. ती पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात आणि शे-दोनशे किलोमीटरच्या चौकटीत छोटं बेट म्हणजे समुद्रच. २०१६ च्या एका अभ्यासात पावसाबरोबर बाष्पीभवनाचाही हिशेब धरला, तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश बेटसमूह शतकाच्या मध्यापर्यंत आणखी कोरडे होतील असं निघालं. कोकणाची चिंचोळी पट्टीही अशाच चौकटीत सापडते, अर्धी समुद्रात आणि अर्धी सह्याद्रीत.

खरा घोळ मात्र दुष्काळ ठरवण्याच्या पद्धतीत आहे. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळसंहिता केल्या. त्यांची नजर पिकावर. पुढे बराच काळ पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदा रुपयात किती पैसे पीक आलं याचा अंदाज, ५० पैशांच्या आत आली, तर गाव दुष्काळी ठरायचं. कोकणात भात दिवाळीच्या आगेमागे घरात येतं, पैसेवारी झकास लागते. जांभ्यात मुरलेलं पाणी तोवर झऱ्यांवाटे वाहून चाललेलं असतं आणि विहिरी तळ गाठतात त्या चैत्र-वैशाखात. तेव्हा पाहणी करायला कोण येतंय?

पावसाच्या तुटीचा निकषही घाटावरच्या मापाचा. कोकणातल्या सरासरी ३००० मिलिमीटरमधून २५ टक्के गेले तरी सव्वादोन हजार उरतात. सोलापूरला भरल्या वर्षीही एवढा पडत नाही. केंद्राच्या २०१६ च्या नव्या संहितेत जमिनीतला ओलावा आणि भूजल आले खरे, पण पहिली पायरी पावसाची तूट किंवा पावसातला मोठा खंड हीच राहिली.

त्यामुळे कोकणाच्या वाट्याला येतो तो टंचाई आराखडा, म्हणजे टँकर, विंधन विहिरी आणि नळयोजनांची दुरुस्ती. दुष्काळ जाहीर झाला तर शेतसाऱ्यात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हापूसची नवी कलमं विकतच्या पाण्यावर जगवणाऱ्याला यातलं काहीच लागू होत नाही.