जुना फिल्म कॅमेरा आणि कोकणची दमट हवा

आजोबांचा यशिका कॅमेरा ट्रंकेत सापडला, की हात आधी शटरकडे जातो. कोकणात मात्र आधी टॉर्च घ्यावा. कॅमेऱ्यात रोल नाही याची खात्री करून मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेतो उघडं राहणाऱ्या खुणेवर) दाबून धरा, अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि भिंगात तिरका उजेड सोडा. फाटे फुटलेले पांढुरके धागे दिसले, तर ती बुरशी.

काच हे बुरशीचं अन्न नव्हे. ती जगते काचेवरच्या धुळीवर, बोटांच्या तेलकटपणावर, भिंगातल्या ग्रीसच्या सूक्ष्म थरावर. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. त्यांना हवी असते ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आर्द्रता आणि न हलणारी हवा. पहिली गोष्ट रत्नागिरी-मालवणचा पावसाळा देतो, दुसरी आपलं बंद कपाट. चामड्याची केस तर सर्वांत वाईट, कारण चामडं ओल धरून ठेवतं. ‘केसमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे’ या समजुतीने आपल्याकडचे किती चांगले कॅमेरे गेले असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाढताना बुरशी सेंद्रिय आम्लं सोडते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बहुतेक भिंगांवर परावर्तन कमी करणारा लेप असतो. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या अशा एका थराची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाएवढी. आम्लाने तो कोरला गेला, की बुरशी पुसली तरी डाग राहतात. थोडी बुरशी एरवी फोटोत जाणवतही नाही, पण सूर्य समोर आला की प्रकाश विखुरतो आणि सगळं चित्र धुरकट होतं. आपला किनारा पश्चिमेचा. संध्याकाळी समुद्राकडे वळलं की सूर्य समोरच असतो.

खाऱ्या वाऱ्याचं गणित वेगळं. मिठातलं सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. म्हणून किनाऱ्यावर वापरलेला कॅमेरा जानेवारीतही आतून-बाहेरून गंजत राहू शकतो. हर्णै किंवा गुहागरच्या पुळणीवरून आल्यावर आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारणाऱ्या रबरी फुग्याने, वाळू उडवावी, गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसावी, मग कोरडी करावी. भिंगाला हे फडकं लावू नये.

ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. जेलचा रंग बदलला की १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ते पुन्हा वापरता येतं. तांदूळ नकोत, त्यांची पूड बुरशीलाच खाऊ घालते. उन्हं दाखवायची तर भिंग सूर्याकडे रोखून कॅमेरा ठेवू नये. कापडी पडद्याचं शटर असलेल्या रेंजफाइंडरमध्ये (भिंगामागे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) एकवटलेलं ऊन पडद्याला भोक पाडतं.

फिल्मही इथल्या हवेला नाजूक. तिच्यावरचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीचं आवडतं खाद्य. रोल फ्रिजमध्ये ठेवणं योग्यच, पण ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना २६ अंशांहून थंड कोणत्याही वस्तूवर दव धरतं. तेव्हा रोल बंद डबीतच दोन-तीन तास बाहेर राहू द्यावा आणि मगच उघडावा. काढून झालेला रोल पावसाळाभर ठेवून देऊ नये: उष्णतेने आणि ओलीने त्यावरची अजून न धुतलेली प्रतिमा फिकी होत जाते.