मुख्याध्यापक होण्यासाठी डीएसएम लागतं का? पात्रता, कागदपत्रं आणि प्रस्ताव

जून उजाडला की शिक्षक खोलीत कुणीतरी विचारतंच, "सर, यंदा डीएसएमला नाव घालू का?" विचारणाऱ्याचा हिशोब असा असतो की शालेय व्यवस्थापनाची पदविका हातात आली की मुख्याध्यापकपदाच्या रांगेत आपण वर सरकणार. खासगी अनुदानित शाळेत तसं होत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत प्रिन्सिपल व्हायचं तर शिक्षकाला शिक्षण प्रशासनातलं पदव्युत्तर शिक्षण घेऊन राज्याचा परवाना काढावा लागतो. आपल्याकडे असा परवानाच नाही. इथे खुर्ची मिळते ती सेवाज्येष्ठतेने.

महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ मधला नियम ३ एकदा स्वतः वाचा. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी त्यात पदवी, बीएड आणि पदवीनंतरचा किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव मागितला आहे. या ५ वर्षांपैकी निदान २ वर्षं बीएडनंतरची हवीत. ही शेवटची अट बरेचजण विसरतात. समजा, नोकरीत असताना बीएचा निकाल जून २०१७ मध्ये लागला आणि बीएडचा जून २०२१ मध्ये. ५ वर्षं जून २०२२ मध्ये भरली, पण बीएडनंतरची २ वर्षं भरायला जून २०२३ उजाडतो. पद मे २०२३ मध्ये रिकामं झालं असेल, तर एका महिन्याने हुकलं.

पात्र शिक्षकांपैकी जो सर्वांत ज्येष्ठ आणि ज्याचं सेवेचं रेकॉर्ड समाधानकारक, त्याची नेमणूक संस्थेने करायची असते. एकाच संस्थेच्या तीन-चार शाळा असतील तर ज्येष्ठता सगळ्या शाळा मिळून पाहतात, रात्रशाळा सोडून. मुलींच्या शाळेत पात्र शिक्षिकांमधली ज्येष्ठ शिक्षिका नेमायची मुभा संस्थेला आहे, पुरुष शिक्षक तिला ज्येष्ठ असले तरी. अल्पसंख्याक संस्थेला मुख्याध्यापक निवडण्याचं स्वातंत्र्य ही नियमावली ज्याखाली निघाली त्या १९७७ च्या अधिनियमातच दिलेलं आहे.

ज्येष्ठता कशी मोजायची ते याच नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ मध्ये आहे, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. माध्यमिक शिक्षकांचे प्रवर्ग तिथे शिडीसारखे वरून खाली लावलेत. पदवी आणि बीएड असलेला शिक्षक ‘क’ प्रवर्गात येतो. डीएडवर लागून मागाहून बीएड केलेल्या शिक्षकाची नोकरीची तारीख जुनी असली, तरी तो ‘क’ मध्ये केव्हा आला यावर त्याचा नंबर ठरतो, त्यामुळे नंतर लागलेला बीएडधारक त्याच्या पुढे जाऊ शकतो. जुन्या डिप. टी., एसटीसी वगैरे पात्रतांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, तिथे आपली पात्रता नेमकी कुठे बसते ते शब्दन् शब्द वाचूनच ठरवा.

एका संस्थेची यादी मी स्वतः चाळली होती. एका शिक्षकाच्या बीएडची तारीख गुणपत्रकावरून घेतलेली, दुसऱ्याची पदवीदानाच्या प्रमाणपत्रावरून. दोन्हींत चांगलं सात-आठ महिन्यांचं अंतर असतं. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, कारण यादी मधल्या सुट्टीत फिरवली गेली आणि चहाचा कप हातात धरूनच जो तो सही करत गेला. नियम १२ प्रमाणे यादी कर्मचाऱ्यांना दाखवून सह्या घ्याव्या लागतात, हरकतींचा विचार करावा लागतो आणि वाद मिटला नाही तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. म्हणून सहीआधी आपली ओळ नीट वाचा. चूक दिसली तर लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही.

आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पदोन्नतीसाठी टीईटी लागतेच. निवृत्तीला ५ वर्षांहून कमी राहिलेल्यांना टीईटीशिवाय नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे.

प्रस्तावात काय लावायचं

नेमणूक संस्था करते. मग वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक) जातो, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे. संस्थेचा ठराव, नियुक्ती आदेश, आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाल्याचा कागद, मुख्याध्यापकपद मंजूर दाखवणारी संचमान्यता (शाळेच्या मंजूर पदांचा आदेश), सह्यांची ज्येष्ठता यादी, पदवी आणि बीएडची गुणपत्रकं व प्रमाणपत्रं, पहिल्या नेमणुकीचा आदेश व तिची मान्यता, सेवापुस्तकातल्या नोंदी, गोपनीय अहवाल, लागू असेल तिथे टीईटी. सगळ्याचे दोन संच करा, एक घरी ठेवा.

तुमच्यापेक्षा ज्येष्ठ शिक्षकाला पद नको असेल तर त्याने स्वेच्छेने हक्क सोडल्याचं पत्र लागतं. ते स्वतःच्या हस्ताक्षरात हवं आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी पडताळलेलं हवं. टाइप केलेल्या मजकुराखाली सही घेऊन भागवलेली प्रकरणं पुढे अडकतात. एकदा हक्क सोडला म्हणून तो शिक्षक पुढच्या रिक्त पदासाठी बाद होत नाही.

आणि तुम्हालाच डावललं तर? अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, मुदत ३० दिवसांची. ‘अध्यक्षांशी बोलून बघतो’ म्हणत त्यातले २५ दिवस घालवू नका.

मग डीएसएम कशाला?

कामासाठी. सह्यांचे अधिकार मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीतली वेतनबिलं, शालेय पोषण आहाराचा हिशोब आणि संचमान्यतेची पटपडताळणी टेबलावर येते, आणि वीस वर्षं इंग्रजी शिकवल्याचा तिथे काडीचा उपयोग नसतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची ही पदविका मराठीतून, नोकरी सांभाळून होते. इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाची पदव्युत्तर पदविका कुठल्याही पदवीधराला खुली आहे. किमान १ वर्ष, कमाल ३ वर्षं, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. एमएड २ वर्षांचं, नियमित हजेरीचं आणि सीईटीमार्फत, तेव्हा अभ्यास रजा मिळत असेल तरच त्याचा विचार करा.

दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक). इथे शिक्षिकांची हमखास अडचण होते: आधारवर सासरचं नाव, पदवीवर माहेरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा. नाव घालण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि निकाल लागला की पदविकेची नोंद सेवापुस्तकात करून घ्या. लिपिकाच्या टेबलासमोर उभं राहूनच.