‘सी’ लोकेल आणि कोसळणारे बिल्ड : पार्श्वभूमी

लोकेल म्हणजे भाषा, अंक, क्रम, अक्षरं कशी हाताळायची हे प्रोग्रामला सांगणारी सेटिंग, आणि ‘सी’ हे त्यातलं सगळ्यात साधं, मूळचं लोकेल. ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची पायाभूत लायब्ररी) वापरणाऱ्या कुठल्याही लिनक्सवर सगळी लोकेल एकदम ठरवणाऱ्या एलसी_ऑल या व्हेरिएबलमध्ये ‘सी’ भरून ‘लोकेल चारमॅप’ ही अक्षरसंचाचं नाव सांगणारी कमांड चालवा. उत्तर येतं : ‘एएनएसआय_एक्स३.४-१९६८’. हे १९६८ सालच्या आस्की मानकाचं, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं असलेल्या अक्षरसंचाचं नाव. आपल्या लॅपटॉपवर बिनबोभाट तयार होणारं सॉफ्टवेअरचं पॅकेज बिल्ड सर्व्हरवर (पॅकेज बांधणाऱ्या यंत्रावर) ‘आस्की कोडेक’च्या नावाने बोंबलत आडवं होतं, तेव्हा ते आस्की बहुतेक वेळा इथूनच आलेलं असतं.

सर्व्हरवर ‘सी’ कुणी आणि का लावलं, याचं उत्तर अगदी शहाणपणाचं आहे. जर्मन लोकेलमध्ये ३.१४ चं ३,१४ होतं. तुर्की लोकेलमध्ये छोट्या ‘आय’चा मोठा ‘आय’ टिंबासकट येतो आणि साधी नावंसुद्धा जुळेनाशी होतात. फायलींचा क्रम बदलला की तेच पॅकेज दोनदा बांधून दोन वेगळ्या टार फायली (फायलींचे गठ्ठे) हाती येतात. लॉगमधले संदेश फ्रेंचमध्ये आले, तर त्यात ‘एरर’ शोधणारी स्क्रिप्ट आंधळी होते. म्हणून बांधणीच्या यंत्रांवर सरसकट एलसी_ऑल म्हणजे ‘सी’, असा शिरस्ता पडला.

गोची त्या ‘सरसकट’मध्ये आहे. लोकेल ही एक गोष्ट नाही. संदेशांची भाषा, क्रमवारी, अंक, तारीख, चलन यांचे वेगवेगळे कप्पे असतात आणि त्यांतलाच एक, एलसी_सीटाइप, कुठले बाइट म्हणजे कुठलं अक्षर हे ठरवतो. एलसी_ऑल सगळ्यांवर एकदम वरवंटा फिरवतं. पॅकेजरला म्हणायचं होतं, ‘इंग्रजीत बोल आणि क्रम बदलू नकोस.’ प्रोग्रामने ऐकलं, ‘१२७ च्या पुढचा बाइट ओळखू नकोस.’ एकाच अक्षराचे हे दोन अर्थ वर्षानुवर्षं शेजारी नांदले आणि कुणाला खटकलंही नाही, कारण जुनी साधनं बाइट आले तसे पुढे ढकलत होती. १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये युटीएफ-८ ची, म्हणजे जगभरच्या लिप्या बाइटांत मांडणाऱ्या पद्धतीची, आखणी झाली तीच मुळी जुन्या प्रोग्रामांना धक्का लागू नये अशा बेताने.

हिशेब चुकता करायची वेळ डिसेंबर २००८ मध्ये आली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३ ऱ्या पिढीने मजकूर आणि बाइट यांची कायमची फारकत केली. इन्स्टॉलची स्क्रिप्ट रीडमी फाइल उघडते, एन्कोडिंग (बाइटांतून अक्षरं उलगडायची पद्धत) सांगत नाही, पायथन ते लोकेलला विचारतो, लोकेल म्हणतं आस्की. रीडमीत ‘मराठी’ एवढा एक शब्द असला तरी पुरे. ‘म’चे तीन बाइट २२४, १६४, १७४, पहिल्यालाच गाडी अडते. त्रुटीच्या संदेशात तो सोळाच्या पायात, म्हणजे ‘ई०’ असा दिसतो. हा बाइट वाचायची सवय लावून घेतली तर अर्धं काम होतं. ‘सी३’ असेल तर बहुधा कुणा युरोपीय लेखकाचं नाव, ‘ई०’ असेल तर देवनागरीपासून थाईपर्यंतची कुठलीतरी लिपी, आणि ‘ई२’ असेल तर वर्डमधून चिकटवलेलं कुरळं अवतरणचिन्ह. माझ्या वाट्याला ‘ई२’ सर्वांत जास्त आले.

पायथनच्या गोटात यावर जो वाद झाला तो बरीच वर्षं चालला. एक बाजू म्हणायची, यंत्रणा आस्की सांगते आहे तर आम्ही शहाणपण का शिकवावं? जपानसारख्या ठिकाणी जुन्या एन्कोडिंगमधल्या फायली अजून जिवंत आहेत, अंदाजाने युटीएफ-८ मानलं तर त्यांची वाट लागेल. तत्त्व म्हणून हे बरोबर होतं. पण त्या तत्त्वाची किंमत मोजली ती पॅकेज बांधणाऱ्यांनी, एकेका पॅकेजात ठिगळं लावून. अखेर २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत दोन तोडगे एकत्र आले. पहिला, ‘सी’ दिसलं तर लोकेलच बदलून घ्यायचं. पण एलसी_ऑल मुद्दाम लावलेलं असेल तर हा माघार घेतो, आणि बिल्ड सर्व्हरवर नेमकं तेच लावलेलं असतं. तिथे कामाला आला दुसरा : लोकेल ‘सी’ असलं तरी पायथनने स्वतःपुरतं युटीएफ-८ धरायचं आणि न उलगडणारे बाइट जसेच्या तसे पार करायचे. जावाने हाच कौल २०२२ मध्ये, १८ व्या आवृत्तीत दिला.

मग मुळातल्या ‘सी’लाच युटीएफ-८ का केलं नाही? कारण पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाच्या लेखी त्या लोकेलमध्ये एक अक्षर म्हणजे एक बाइट. ग्लिबसीला पर्याय असलेल्या मसल या लायब्ररीने आधी तसं केलं होतं, तेही २०१५ मध्ये मागे फिरलं. वाट निघाली ती ‘सी.युटीएफ-८’ या जोडनावाने : क्रम, अंक, भाषा ‘सी’ची, अक्षरं युटीएफ-८ ची. डेबियन या लिनक्समध्ये ते २०१३ च्या आवृत्तीत मिळत होतं. त्याआधी पॅकेजच्या रूल्स फाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) बांधणीपुरतं अमेरिकन इंग्रजी लोकेल तयार करून वापरायचे आणि मग फेकून द्यायचे. ग्लिबसीच्या मूळ शाखेत मात्र ‘सी.युटीएफ-८’ यायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं, २.३५ आवृत्तीत. आकार सुमारे ४०० किलोबाइट, आणि तरीही ग्लिबसीत अंगभूत नाही. ते डिस्कवर वेगळं असावं लागतं. कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायलींची बंद पेटी) बारीक करण्याच्या नादात पहिली कात्री अशाच फायलींना लागते.

आज दिसणाऱ्या बऱ्याच तक्रारी या जातीच्या आहेत. मागितलेलं लोकेल यंत्रावर नसतं, पर्ल ही भाषा चार ओळी कुरकुरते आणि शेवटी ‘सी’वर परत येत असल्याचं सांगते, बाकीचे प्रोग्राम तेवढंही बोलत नाहीत. डेबियन-उबंटूवर एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरायचं साधन) आपल्या लॅपटॉपवरची लोकेलची नावं मुकाट्याने पलीकडे पाठवतं. ग्लिबसीत मराठीचं ‘एमआर_आयएन’ युटीएफ-८ सोडून दुसऱ्या कुठल्या एन्कोडिंगमध्ये कधी नव्हतंच. पण तेच नाव सर्व्हरवरच्या ‘लोकेल -ए’च्या (उपलब्ध लोकेलांच्या) यादीत नसेल, तर तिथला चारमॅप पुन्हा १९६८ दाखवतो.