एकाच वेगाचं विमान

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी टर्नर मित्राने मोबाईल पुढे केला. पडद्यावर नळ्यांचा तीनचाकी सांगाडा, सीटच्या मागे पंखा आणि वर ताणलेलं रंगीत पॅराशूट. पॉवर्ड पॅराशूट म्हणतात याला. मित्राने व्हिडिओ दोनदा मागे घेतला आणि म्हणाला, "ॲक्सिलेटर दिला की गाडी पुढे पळायला पाहिजे. ही वर का जातेय रे?"

लेथवर जन्म काढलेल्या माणसाचा प्रश्न. याचं उत्तर कळलं की या विमानाचं बहुतेक सगळं डिझाइन कळलं.

आधी वरचं कापड बघू. पाऊस अंगावर घेणाऱ्या छत्रीसारखं ते नसतं. नायलॉनचे दोन थर, मध्ये उभ्या कापडी भिंती, आणि पुढची बाजू उघडी. चालताना हवा पुढून शिरते, मागून बाहेर पडायला वाट नसते, म्हणून कापड फुगून पंखाचा आकार घेतं. ही युक्ती अमेरिकेतल्या डॉमिना जाल्बर्ट यांची, पेटंट १९६६ चं. जाल्बर्ट पतंग आणि फुगे बनवणारे, हे कळल्यावर मला काही नवल वाटलं नाही. आत दाब किती असतो? जेमतेम एक सेंटिमीटर पाण्याच्या थराइतका. सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या हजारोपट दाब असतो. एवढ्याशा फुंकरीवर दोन माणसं आणि इंजिन तरंगतं, कारण कापड मोठं असतं: दोन माणसांच्या विमानाला साधारण ४५ चौरस मीटर.

आता वेगाची गोष्ट. संक्रांतीला पतंगाची कन्नी ज्याने बांधली आहे त्याला हे पटकन कळेल. गाठ बोटभर वर-खाली केली की तोच पतंग एकदा वाऱ्यावर नीट उभा राहतो, एकदा गिरक्या घेत खाली येतो. कारण गाठ बदलली की पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. पॅराशूटच्या दोऱ्या कारखान्यातच मापाने कापलेल्या असतात, म्हणजे कोन ठरलेला. कोन ठरला, कापड ठरलं, वजन ठरलं, तर ते वजन उचलून धरायला लागणारा वेगही ठरला. जोराने जायचं म्हटलं तरी जाता येत नाही.

मग इंजिनाची जादा ताकद जाते कुठे? गाडी कापडाच्या पाचसहा मीटर खाली लोंबत असते, गवंड्याच्या ओळंब्यासारखी. मागून पंख्याने ढकललं की ओळंबा किंचित पुढे झुलतो, वरचं कापड मागे कलतं आणि सगळं लटांबर चढायला लागतं. ताकद कमी केली की तेच उलट, विमान उतरायला लागतं. म्हणजे ॲक्सिलेटर ही इथे लिफ्टची कळ आहे. वेग मात्र जवळजवळ तोच, ताशी ४५-५० किलोमीटरच्या आसपास. बेळगाव-खानापूर रस्त्यावर एखादा टेंपोसुद्धा याला मागे टाकेल.

वेग बदलतो तो वजनाने. हिशेबापुरतं धरा: गाडी, इंधन आणि दोन माणसं मिळून ३५० किलो, वेग ४७. मित्राचे ७५ किलो उतरवले तर वेग साधारण ४२ वर येतो. वजन दुप्पट झालं तर वेग दुप्पट होत नाही, वर्गमुळाने वाढतो. मित्राला हे ऐकून वाईट वाटलं. त्याला वाटत होतं, हलका माणूस जास्त जोरात जाईल.

ओळंब्याचा फायदा म्हणजे स्थैर्य. वाऱ्याच्या झटक्याने कलंडलं तरी वजन खाली असल्याने ते आपोआप सरळ होतं. म्हणूनच वळवायची सोय साधी ठेवता येते: पायाशी दोन दांड्या. उजवी दाबली की कापडाची उजवीकडची मागची कड दोरीने खाली ओढली जाते, तिकडे अडथळा वाढतो आणि विमान उजवीकडे वळतं. तोटाही ओळंब्याचाच. झुलायला लागला की लगेच थांबत नाही, आणि नवखा माणूस घाबरून उलटसुलट दांड्या दाबत सुटला तर झोके वाढतातच. शिवाय पंखा एका दिशेने फिरतो म्हणून सांगाडा दुसरीकडे कलू पाहतो. तो कल मारायला सांगाडा कापडाला लटकवायच्या जागा दोन्ही बाजूंना थोड्या वेगळ्या ठेवतात.

अमेरिकेत २००४ साली लाइट-स्पोर्ट हा हलक्या विमानांचा वर्ग आला. तेव्हाच्या नियमात दोनच आसनं, वजनाची मर्यादा ६०० किलो, त्यात हे बसलं. आपल्याकडे मात्र कुणी येळ्ळूरच्या माळावरून उडायचा विचार करत असेल तर आधी परवानग्या. सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र आणि विमानतळ आहे, हे विसरून चालणार नाही.

परवानगीनंतर आपली हवा. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. एप्रिलमधल्या ३५ अंशांच्या दुपारी इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेच्या सुमारे ८५ टक्केच दाट उरते. विरळ हवेत तेवढंच वजन उचलायला वेग सुमारे ८ टक्के जास्त लागतो, आणि इंजिनलाही हवा कमी मिळते. धाव लांबते, चढाई मंदावते. त्यात तापलेल्या शिवारातून हवेचे गोळे उठत असतात. मोसमी वाऱ्याच्या दिवसांत तर नावच काढू नका. समोरून ताशी ४५ चा वारा असेल तर विमान आहे तिथेच उभं. सुगी संपल्यावरची शांत पहाट चांगली, फक्त भाताच्या कापलेल्या खुंटांवर कापड पसरू नये, फाटतं.

"आणि ब्रेक?" मित्राने शेवटी विचारलंच. जमीन दोनतीन मीटरवर आली की दोन्ही दांड्या एकदम पुढे दाबायच्या. मागची सगळी कड खाली येते, पडण्याचा वेग मोडतो, चाकं अलगद टेकतात. टेकताक्षणी इंजिन बंद करायचं. नाहीतर खाली येणारं कापड आणि दोऱ्या मागच्या पंख्यात जातात, आणि ते उलगडत बसायला अख्खा दिवस जातो.